ओ देणारा पोपट

त्या वर्षी डोंगरावर काही पिकलं नाही, आणि पोपट खाली आले.

तसे ते दर वर्षी यायचे. थवा उतरायचा, थोडी फळं उष्टी करायचा, आणि दादाने पत्र्याचा डबा बडवला की कलकलाट करत उठून जायचा. या खेपेला मात्र त्यांनी ओढ्याकाठच्या उंच झाडांवर मुक्कामच ठोकला. उजाडलं रे उजाडलं की पेरूच्या बागेवर तुटून पडायचे. गाय शिरली तर निदान पोटापुरतं खाऊन बाहेर पडते. पोपटाचं तसं नसतं. एका पेरूला दोन चोची मारायच्या, तो टाकायचा, पुढचा धरायचा. झाडाखाली उष्ट्या फळांचा सडा पडायचा आणि त्यावर माश्या घोंगावायच्या.

दादा त्या बागेचा राखणदार. बागेच्या कोपऱ्यावर पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या होत्या, त्याही मालकाच्याच. राखण आहे तोवर छप्पर. घरात माणसं तीन: दादा, वहिनी आणि दादाची बहीण. बहिणीला लहानपणी सगळे धाकटी म्हणत. आता तिशी उलटली, केसांत पांढरी बट दिसायला लागली, तरी ती धाकटीच राहिली. मधली काही वर्षं ती सासरी होती. नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला तेव्हा दादा स्वतः जाऊन तिला घेऊन आला. तिची पत्र्याची ट्रंक त्याने डोक्यावर घेतली आणि सगळ्या गल्लीतून मान ताठ ठेवून चालला. धाकटी त्याच्या मागून चालत होती. त्या दिवसापासून ती दादावर जीव टाकायची, पण बोलायची कमी. हसायची त्याहून कमी.

एके दिवशी सकाळी मालक आला. सोबत गडी, गड्याच्या डोक्यावर टोपली. मालकाने मानेने खूण केली तशी गड्याने टोपली दादाच्या उंबऱ्यावरून आत पालथी केली. चोची मारलेले पेरू घरंगळत पार चुलीपर्यंत गेले.

"तुमच्यासाठीच आणले," मालक म्हणाला. "राखणीची फळं गोड लागतात म्हणे."

वहिनी खाली बसून पेरू गोळा करायला लागली.

"या बहराला बघतो," जाता जाता मालक म्हणाला. "पुढच्या बहराला दुसरा माणूस बघेन. तेव्हा खोल्या मोकळ्या लागतील."

दादा दिवसभर डबा बडवत हिंडला. वहिनी एका बांधाला, धाकटी दुसऱ्या बांधाला. गोफण फिरवून फिरवून दादाच्या बोटांची सालटी निघाली होती. ओरडून ओरडून तिघांचे आवाज बसले होते, त्यामुळे घरात कुणाला कुणाशी बोलायचं झालं तर खुणाच करायच्या. थवा या टोकावरून उठवला की त्या टोकाला बसायचा. पोपटांना जणू हा खेळच वाटत होता.

त्या आठवड्यात दादा एक पोपट घेऊन आला.

फांद्यांवर टाकलेल्या जुन्या जाळीत त्याचा पाय अडकला होता. दादाने त्याला गोणपाटात गुंडाळून आणलं, घरात बसून कात्रीने पंख छाटले आणि एका पिंजऱ्यात सोडलं. पिंजरा नवाकोरा होता. बाजाराच्या रस्त्याला पाखरं विकणारा एक माणूस होता, त्याला सगळे पिंजरेवाला म्हणत. त्यानेच तो दिला होता. पिंजरेवाला हल्ली दादाकडे येऊन बसायचा, चहा प्यायचा, बागेकडे बघत काहीबाही बोलायचा.

दादाने पिंजरा आणून धाकटीसमोर ठेवला.

"घे. तुझ्यासाठी."

"मला कशाला?"

"दिवसभर तोंड शिवून बसतेस. याला बोलायला शिकव, म्हणजे तूही बोलशील."

धाकटीने मान खाली घातली. तिच्यासाठी म्हणून कुणी काही आणल्याला किती काळ लोटला होता, ते आठवायचा तिने प्रयत्नही केला नाही. तिला एवढंच कळलं, की दादाने दिवसभराच्या दगदगीत तिचा विचार केला. ती पिंजरा उचलून मागच्या पडवीत घेऊन गेली आणि तिथे उगाचच थोडा वेळ उभी राहिली.

पोपट मात्र कुणाचं काही मानायला तयार नव्हता. माणूस दिसला की पिंजऱ्याच्या तारांवर धडका मारायचा. नाकाजवळची कातडी सोलून तिथे रक्त साकळलं होतं. दमला की कोपऱ्यात जाऊन अंग चोरून बसायचा. पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, चोच अर्धी उघडी, छाती भात्यासारखी वरखाली. डोळ्यांतली बुबुळं लहान-मोठी, लहान-मोठी व्हायची. धाकटीने हिरवी मिरची पुढे केली तर त्याने मिरचीऐवजी तिचं बोट धरलं. नखाच्या मुळाशी चोच अशी रुतली की तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण तिने हात झटकला नाही. झटकला असता तर तो पुन्हा तारांवर आदळला असता.

"पाहुणा तापट दिसतोय," दादा म्हणाला.

तेव्हापासून त्याचं नाव पाहुणा पडलं.

धाकटीला पाखरांतलं काही कळत नव्हतं. पण भ्यालेल्या जिवाचं तिला चांगलं कळत होतं. सासरी शेवटच्या दिवसांत कुणी खोलीत आलं की तिची नजर आधी दाराकडे जायची. त्यामुळे तिने एक केलं, पाहुण्याकडे बघायचंच सोडून दिलं. दुपारी पोपट झाडांवर पेंगायचे आणि राखणीला थोडी उसंत मिळायची. तेवढ्यात ती पडवीत यायची आणि पिंजऱ्याकडे पाठ करून बसायची. फळांना बांधायच्या कागदी पिशव्या चिकटवायचं काम मांडीवर घ्यायची. कागदाची घडी घालायची, खळ लावायची, दाबायचं. हात चालू ठेवायचे आणि गुणगुणायचं. गाणं असं काही नव्हतं. घसा बसलेला, त्यामुळे दोन सूर खाली, एक वर, एवढंच निघायचं.

पुढे ती थोडी तिरपी बसायला लागली. मग आणखी थोडी. पिंजऱ्यात पेरूची फोड ठेवायची ती मागे न बघता. आधी आधी फोड संध्याकाळपर्यंत तशीच सुकायची. एकदा तिने मागे कुरकुर ऐकली. पाहुणा खात होता. ती तशीच बसून राहिली, खळ बोटांवर वाळून गेली तरी.

त्यानंतर काम पुढे सरकलं, पण मुंगीच्या पावलाने. आज फोड तारेतून धरायची आणि हात दगडासारखा ठेवायचा. उद्या तोच हात चार बोटं आत. मध्येच कुठे भांडं पडायचं, नाहीतर वहिनीचा पदर फडफडायचा, की झालं, सगळं पहिल्यापासून. वहिनी कधीतरी दारात उभी राहून बघायची.

"वन्सं, माणसाला एवढं जपलं असतंत तर माणूस सुधारला असता."

"माणसाला जपलं होतं," धाकटी म्हणाली. "हा सुधारतोय."

वहिनी हसली. धाकटीलाही हसू आलं. त्या घरात दोघी मिळून हसल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

एका दुपारी धाकटीने तीन सूर गुणगुणले आणि मागून कुणीतरी तेच हलक्या आवाजात म्हटलं. तसेच दोन खाली, एक वर. जरा चिरकं, पण तेच. ती गप्प झाली. पिंजऱ्यातून पुन्हा आलं. तिने ओ दिली. मग त्याने. वहिनी घरातून म्हणाली, "आता कोण कोणाला शिकवतंय, देव जाणे."

पहिल्यांदा तो तिच्या बोटावर आला तेव्हा तिने श्वास रोखून धरला होता. एक पाय ठेवला, काढला, चोचीने बोट चाचपलं. तिला वाटलं आता चावतो. त्याने दुसरा पाय ठेवला. पंजे कोमट होते आणि बोटाला किंचित टोचत होते. एवढंसं वजन, पण तिचा खांद्यापर्यंतचा हात अवघडला. पुढे पुढे तो मान वाकवून तिच्यापुढे धरायचा आणि ती नखाने मानेवरची पिसं उलटी करून खाजवायची. त्याचे डोळे अर्धे मिटायचे. एक पाय पोटात ओढून घ्यायचा आणि चोच चोचीवर करकर घासत तिच्या खांद्यावरच झोपून जायचा. पंख छाटलेले, उडता येत नाही, पण त्याला उडायचं आहे असंही कधी दिसेना.

दादा रोज विचारायचा. बागेतून आला, पाय धुतले, की पहिला प्रश्न तोच.

"पाहुणा काय म्हणतोय?"

"हातावर येतो आता."

"आणि बाहेर? अंगणात वगैरे? घाबरतो?"

"माझ्याजवळ नाही घाबरत."

"हाक मारलीस की ओ देतो?"

"देतो की."

"सोडून दूर ठेवलास तरी देतो?"

दादा इतकी चौकशी करतोय याचंच धाकटीला अप्रूप वाटायचं. आपल्याशी बोलायला याला काहीतरी निमित्त हवं होतं आणि ते पोपटाने दिलं, असं तिला वाटायचं. ती भरभरून सांगायची. दादा ऐकायचा आणि मान हलवायचा. अशा वेळी वहिनी ताटं मांडायला उठायची.

फळं पिकायला लागली तशी बाग वासाने घमघमायला लागली, आणि थवे वाढले.

एका सकाळी दादा म्हणाला, "पाहुण्याला घेऊन चल बागेत. पडवीत कोंडून कोंडून तो पिसाळेल. जरा झाडं बघू दे."

धाकटी पाहुण्याला खांद्यावर घेऊन निघाली. बागेच्या मधोमध दोन झाडं वाळून गेली होती आणि ती काढल्यावर तिथे मोकळी जागा झाली होती. दादाने ती झाडूनपुसून साफ केली होती. जमिनीवर पिकले पेरू फोडून पसरले होते. मधोमध एक आडवी काठी रोवलेली. बाजूला बांबू होते, त्यांच्यावर काहीतरी गुंडाळून ठेवलेलं.

"हे काय?"

"उष्टे पेरू इथे टाकतो. इथे येऊन खातील, झाडांवरचं वाचेल." दादाने खिशातून मऊ सुतळी काढली. "पायात बांध त्याच्या. नाहीतर मांजर आलं तर घाबरून पळेल आणि सापडायचा नाही. तूच बांध, मला चावेल."

तिने बांधली. पाय आवळू नये म्हणून सुतळीखाली चिंधी गुंडाळली. पाहुणा तिच्या बोटांकडे बघत उभा राहिला, पाय पुढे करून. त्याला काठीवर बसवून ती दादासोबत थोड्या अंतरावरच्या राखणीच्या झोपडीत येऊन बसली. पाहुण्याने इकडेतिकडे पाहिलं आणि अंग चोरायला लागला.

"घाबरला बघ," दादा हळूच म्हणाला. "हाक मार त्याला."

तिने गुणगुणलं. दोन खाली, एक वर. पाहुण्याने मान वर केली आणि ओ दिली. अंग सैल सोडलं, वाकून एक फोड उचलली, पायात धरून खायला लागला.

"अजून मार."

तिने अजून हाक मारली. पाहुणा खात खात, अगदी मजेत, ओ देत राहिला. वरून थवा चालला होता ओढ्याकडून. तो थवा हवेतच वळला. एक फेरी मारली. दुसरी फेरी खालून. मग एकामागून एक पोपट पाहुण्याच्या आजूबाजूला उतरायला लागले, निर्धास्त, जणू घरच्या अंगणात. धाकटीला ते इतकं सुंदर वाटलं की तिने दादाचा हात धरला.

दादाने तो हात सोडवला आणि शेजारचा दोर खेचला.

बांबू दोन्हीकडून आडवे झाले. जाळं पडलं. असा आकांत उठला की धाकटीला क्षणभर काही दिसेना. हिरवं हिरवं जमिनीवर उसळत होतं. पॅकिंगच्या शेडमागून पिंजरेवाला आणि त्याचा भाऊ धावत आले. हातात पोती होती. जाळ्याखाली हात घालायचे, मान धरायची, पोत्यात कोंबायचं. कुणी चावला तर जमिनीवर आपटायचा. एकदोघांचे पंख विचित्र वळले होते, ते त्यांनी बाजूला टाकून दिले.

धाकटी धावली. जाळ्याखाली हात घालून तिने पाहुण्याला शोधला. सगळे ओरडत होते, हा एकटा गप्प होता. तिचा हात दिसल्याबरोबर तो बोटावर चढला, तिथून मनगटावर, दंडावर, आणि तिच्या मानेच्या आणि केसांच्या मधल्या जागेत तोंड खुपसून बसला. त्याचं काळीज तिच्या मानेवर धडधडत होतं. चावला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीदा तरी वाटलं.

पिंजरेवाला पोत्याचं तोंड बांधत दादाला म्हणाला, "म्हटलं नव्हतं? भ्यालेला पोपट बांधला की तो किंचाळतो आणि थवा फिरतो. माणसाळलेला पाहिजे. तुमच्या बहिणीने काम चोख केलंय."

धाकटीने दादाकडे पाहिलं. दादा दोर गुंडाळत होता. गुंडाळून झालेला दोर त्याने सोडला आणि पुन्हा गुंडाळायला घेतला.

घरी आल्यावर ती पडवीत बसली. दादा दारात आला.

"मारले नाहीत मी," तो म्हणाला. "लोकांच्या घरात जातील. पिंजऱ्यात का होईना, खातील."

"माझ्यासाठी आणला म्हणालास."

"तुझ्यासाठीच. तुझंही छप्पर आहे ना हे?"

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू त्याला माणसाळवलं असतंस?"

तिने पाहुण्याकडे पाहिलं.

"बघ," दादा म्हणाला. "म्हणून नाही सांगितलं." आणि मग हळू आवाजात, "अजून एक-दोनदा करावं लागेल. थवा मोठा आहे. चार दिवस जाऊ दे, विसरतील. याला जरा नीट ठेव, भ्याला असेल."

तो गेल्यावर धाकटी चुलीपाशी गेली. वहिनी पीठ मळत होती.

"तुला ठाऊक होतं?"

वहिनीचे हात थांबले. "पिंजरेवाल्याने युक्ती सांगितली तेव्हा मी इथेच होते."

"मग बोलली नाहीस."

"बोलणार होते," वहिनी म्हणाली. "रोज ठरवायचे. पण वन्सं, तुम्ही हसायला लागला होतात. म्हटलं तेवढं तरी राहू दे." ती पुन्हा मळायला लागली. "आणि खोल्यांचंही होतंच. खोटं कशाला बोलू?"

धाकटीला तिचा राग करता आला असता तर बरं वाटलं असतं. पण राग दादापाशी जाऊन थांबत होता आणि तिथून परत तिच्याकडेच येत होता. सुतळी तिने बांधली होती. हाक तिने मारली होती. पाहुण्याला सोडून द्यावं तर त्याला उडता येत नव्हतं, आणि बागेच्या मांजरांना तो एका दुपारचाही पुरला नसता. लपवावा तर दोन खोल्यांत कुठे लपवणार? आणि हा लपला तर दादा दुसरा धरून आणेल, पण त्याला माणसाळवणार कोण? तिच्याशिवाय कुणी नाही. हा एकच होता, आणि तो तिच्यामुळे होता.

दुसऱ्या दिवशी दादा बागेत गेल्यावर तिने राखणीचा पत्र्याचा डबा आणि काठी उचलली आणि पडवीत आली.

पाहुणा तिला पाहून दाराशी आला. मान वाकवून, पिसं फुलवून उभा राहिला. तिने हात आत घातला. तो बोटाकडे सरकला, आणि तिने पिंजऱ्याला टेकवलेला डबा दुसऱ्या हातातल्या काठीने बडवला.

पाहुणा तारांवर आदळला. पिसं उडाली. तिने काठी खाली ठेवली. थोड्या वेळाने तो कोपऱ्यातून निघून पुन्हा दाराशी आला. त्याला वाटलं असेल, आवाज दुसरीकडून कुठून तरी आला. तिने हात आत घातला आणि डबा बडवला.

त्या दिवशी तो दर वेळी परत आला. शेवटी शेवटी दाराशी न येता आतूनच तिला ओ द्यायला लागला. दोन खाली, एक वर. काय बिनसलं असं विचारल्यासारखा. तिने ओठ आवळून डबा बडवला. तिच्या हाताला घाम सुटून काठी निसटत होती.

वहिनी दारात आली. बराच वेळ बघत उभी राहिली आणि काय चाललंय ते तिला कळलं. तिने हात पुढे केला.

"थोडा वेळ मला द्या."

"नको," धाकटी म्हणाली. "त्याने मलाच घाबरलं पाहिजे."

वहिनी आत गेली आणि जाताना अंगणाकडचं दार लोटून घेतलं, म्हणजे बागेत आवाज जाऊ नये. तसा बागेत सगळीकडे डबेच वाजत होते. एक जास्त वाजला तर कुणाला कळणार?

पाहुणा तीन सूर विसरला. मग हाताला घाबरायला लागला, मग तिच्या सावलीला. दादाने पुन्हा बेत केला त्या सकाळी तिने त्याला फडक्यात धरून नेलं, तेव्हा त्याने तिचा तळवा फाडला. दादाला वाटलं नुसता बावरलाय. काठीवर बांधला.

"हाक मार."

तिने हाक मारली. पाहुण्याने तिचा आवाज ऐकला मात्र, आणि जी किंकाळी फोडली ती सगळ्या बागेवर गेली. सुतळीला हिसडे देत, उलटा लोंबकळत तो किंचाळत राहिला. वर थवा आला होता. पोपट हवेतच फुटले, उंच गेले आणि ओढ्यापलीकडे दिसेनासे झाले.

पुढच्या दिवशी पुन्हा तेच. पिंजरेवाला पोती काखेत मारून उठला. "बिघडलाय हा. आता काही कामाचा नाही," म्हणाला आणि आपल्या रस्त्याने गेला.

दादा झोपडीत बसून राहिला. धाकटी पाहुण्याला सुतळीतून सोडवत होती. तळव्याची जखम पुन्हा वाहायला लागली होती.

"तू केलंस," दादा म्हणाला.

"हो."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुला आणायला गेलो होतो ना, तेव्हा तुझ्या सासऱ्याने मला पायरीच्या वर येऊ दिलं नाही. उन्हात उभा होतो. तुझं सामान गड्याने माझ्या पायापाशी फेकलं. मी एक शब्द तुला सांगितला नाही आजवर."

"ठाऊक आहे मला. खिडकीतून बघत होते."

"मग? एका पाखरासाठी तू घर उठवलंस? मी काय परक्याकडे मागितलं? बहिणीकडे मागितलं."

"मागितलं नाहीस, दादा. मागितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, भांडले असते, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर दुप्पट डबे बडवले असते. तू माझ्याकडून नकळत काढून घेतलंस." तिचा आवाज फाटला. "तिकडेही असंच व्हायचं. मला सगळ्यांच्या शेवटी कळायचं."

दादाने तोंड फिरवलं. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलायचा बंद झाला.

बहर संपेपर्यंत तिघांनी जिवाचं रान केलं. धाकटीने ओढ्याकडचा, सगळ्यांत वाईट बांध स्वतःकडे घेतला. उजाडताना जायची ती अंधारून येईपर्यंत. टाचांना भेगा पडल्या, खांदा गोफणीने उतरल्यासारखा झाला. वहिनी दोघांना जेवण पोहोचवायची, दादाला एका टोकाला, हिला दुसऱ्या टोकाला, आणि निरोप असला तर तोही तीच न्यायची. काही फळ वाचलं, बरंच गेलं. तोडणी झाल्यावर मालक आला, शेडमधल्या पेट्यांवरून नजर फिरवली, आणि खोल्या कधी मोकळ्या होतील ते विचारलं. दादाने सांगितलं. विटांच्या भट्टीवर नवरा-बायकोला काम होतं, राहायला जागाही होती. दोघांपुरती.

"वन्संचं?" वहिनीने विचारलं.

दादा म्हणाला, "तिचं तिला विचार."

धाकटीने आधीच विचारून ठेवलं होतं. शहरात नर्सांच्या वसतिगृहात स्वयंपाकघरात बाई हवी होती. ती जाणार होती.

इतके दिवस पाहुणा पडवीतच होता. धाकटी दाणा-पाणी ठेवायची आणि मागे सरायची. ती दिसली की तो कोपऱ्यात जाऊन अंग चोरायचा. तिने तीन सूर पुन्हा कधी म्हटले नाहीत. जुनी छाटलेली पिसं एकेक करून गळली होती आणि नवी लांब, चकचकीत आली होती. धाकटी पडवीतून गेली की पिंजऱ्यात तो पंख फडफडवून बघायचा. तिने ते भिंतीआडून ऐकलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिने पिंजरा पडवीच्या कठड्यावर ठेवला आणि दार उघडून बांधून टाकलं. पाहुणा कोपऱ्यात. ती उभी होती तोवर तो हलला नाही. डोळा तिच्यावर रोखलेला, बुबुळ लहान-मोठं होत होतं. ती दोन पावलं मागे गेली. तो तसाच. तेव्हा तिला कळलं, आपण इथे आहोत तोवर हा बाहेर येणार नाही. तो गेलेला बघायचा असेल तर तो जाणार नाही.

ती घरात आली आणि भांडी बांधायला बसली, भिंतीकडे तोंड करून. वहिनी पडवीच्या दाराआड जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने परत येऊन बसली, आणि तिच्या हातातलं पातेलं घेऊन कागदात गुंडाळायला लागली.

"गेला?"

"गेला."

"उडाला नीट?"

"आधी छपरावर बसला. मग गेला."

संध्याकाळी दादा आला. पाय धुतले. पडवीत जाऊन रिकाम्या पिंजऱ्यापाशी उभा राहिला. मग आत येऊन बसला. धाकटीने ताट पुढे ठेवलं. दादाने ताटाकडे पाहिलं, तिच्या तळव्यावरच्या व्रणाकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"माणसांची सवय झालेली आहे त्याला. परत येईल. नाहीतर कुणाच्या तरी दारात जाऊन बसेल आणि धरतील त्याला."

"नाही," धाकटी म्हणाली. "माणसाजवळ तो आता जायचा नाही. तेवढं मी बघितलंय."

दादाने घास उचलला आणि बराच वेळ तो हातातच धरून ठेवला.